परत आणलेली मुले

देशांतर्गत युद्धाला मराठीत 'यादवी' म्हणतात, पण हा शब्द ज्या कथेतून आला तिचा उत्तरार्ध सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. यादव आपसांत लढून संपल्यावर द्वारकेत उरलेल्या स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना घेऊन अर्जुन इंद्रप्रस्थाकडे निघाला असता पंचनद देशात, म्हणजे आजच्या पंजाबात, आभीरांनी त्या तांड्यावर हल्ला केला, गांडीव ऐन वेळी निकामी ठरले आणि अर्जुनाच्या डोळ्यांदेखत अनेक स्त्रिया पळवून नेल्या गेल्या, असे मौसलपर्व सांगते. जे वाचले त्यांना कोठे वसवले आणि कोणाला कोणते राज्य दिले याचा तपशील ग्रंथ देतो. जे नेले गेले त्यांची वास्तपुस्त मात्र तो पुढे करत नाही. यादवीचे इतिहास पुढेही बहुधा याच रीतीने लिहिले गेले. मेलेल्यांची मोजदाद झाली, जिंकलेल्या मुलखाची नोंद झाली, परंतु पळवून नेलेल्या आणि पुढे केव्हातरी परत आलेल्या मुलांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न अगदी अलीकडे विचारला जाऊ लागला. भारतात तो ज्या थोड्या ठिकाणी गांभीर्याने विचारला गेला, त्यांत बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेचा, म्हणजेच निम्हान्सचा, उल्लेख करावाच लागतो.

युद्धातील अपहरण आणि खंडणीसाठी होणारे अपहरण यांत मोठा भेद आहे. खंडणीखोराला मूल परत द्यायचेच असते, कारण त्याची किंमत त्याच्या घरच्यांकडून यायची असते. यादवीत मूल पळवणाऱ्याला ते परत द्यायचे नसते, त्याला ते नव्याने घडवायचे असते. त्यासाठी मुलाचे नाव बदलले जाते, धर्म किंवा निष्ठा बदलली जाते, हाती बंदूक, ओझे अथवा चूल दिली जाते, आणि अनेकदा परतीचा रस्ताच बंद व्हावा म्हणून त्याच्याकडून त्याच्याच गावाविरुद्ध एखादे कृत्य करवून घेतले जाते. मूल लवकर शिकते, कमी खाते, मोठ्यांचा शब्द मोडत नाही आणि मरणाचा अर्थ त्याला पुरता उमगलेला नसतो, ही बालपणाची सारी लक्षणे सशस्त्र गटांना सोयीची वाटतात. संयुक्त राष्ट्रे युद्धकाळात मुलांविरुद्ध होणाऱ्या ज्या सहा गंभीर अत्याचारांची नोंद ठेवतात, त्यांत हत्या, सैन्यभरती, लैंगिक अत्याचार, शाळा-रुग्णालयांवरील हल्ले आणि मदत अडवणे यांच्या बरोबरीने अपहरणही आहे, आणि व्यवहारात ते पहिल्या तिहींचे प्रवेशद्वारच ठरते.

भारताने हा अनुभव सर्वांत मोठ्या प्रमाणावर घेतला तो १९४७ च्या फाळणीत. फाळणीला रूढ अर्थाने यादवी युद्ध म्हणत नाहीत, परंतु एकाच गावात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांनी एकमेकांच्या लेकी आणि मुले उचलून नेली, त्या अर्थी पंजाबात घडले त्याला दुसरा चपखल शब्द सापडणे कठीण आहे. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांनी पळवलेल्यांना शोधून परत करण्याचा करार केला, भारताच्या बाजूने मृदुला साराभाई यांनी या कामाची धुरा वाहिली, आणि सुमारे आठ वर्षांत ३०,००० च्या आसपास स्त्रिया व मुली 'परत मिळवण्यात' आल्या, त्यांपैकी साधारण २२,००० मुसलमान भारतातून आणि ८,००० हिंदू व शीख पाकिस्तानातून. या कामाला कायद्याचा आधार देण्यासाठी १९४९ मध्ये अपहृत व्यक्ती (पुनर्प्राप्ती व प्रत्यर्पण) अधिनियम करण्यात आला. १६ वर्षांखालील मुलगा किंवा कोणत्याही वयाची स्त्री, जी १ मार्च १९४७ पूर्वी मुसलमान होती, त्या तारखेनंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी कुटुंबापासून दुरावली आणि आता दुसऱ्या कोणाच्या ताब्यात किंवा घरात आढळते, ती 'अपहृत', अशी व्याख्या त्यात होती. ही व्याख्या सावकाश वाचली की तिच्यातील उणीव दिसते. ते मूल त्या घरात कसे आले, पळवून की अनाथ सापडून की शेजाऱ्याने दडवून ठेवल्यामुळे, हे तिला विचारायचे नाही, आणि आता त्याला कोठे राहायचे आहे हेही विचारायचे नाही. वाद उपस्थित झाल्यास निर्णय एका न्यायाधिकरणाने द्यायचा, आणि त्यावर दोन्ही देशांचा एकेक पोलीस अधीक्षक बसायचा.

या कायद्याखालचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यामुळे त्याचा तपशील उपलब्ध आहे. जून १९५१ मध्ये फिरोजपूर जिल्ह्यातील एका खेड्यातून सुमारे १२ वर्षांच्या एका मुलीला पोलिसांनी ताब्यात घेतले, आधी फिरोजपूरच्या आणि मग जालंधरच्या छावणीत ठेवले, आणि न्यायाधिकरणाने तिला पाकिस्तानात पाठवण्याचा निर्णय दिला. ज्याच्या घरातून तिला नेले त्या गृहस्थाने न्यायालयात धाव घेतल्यावर पंजाब उच्च न्यायालयाने तिच्या मुक्ततेचा आदेश दिला. पुढे १० नोव्हेंबर १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तीला ताब्यात घेणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधील 'अटक' नव्हे, असा अर्थ लावून अधिनियमाच्या घटनात्मकतेवरील तो आक्षेप फेटाळला. अनुच्छेदाचा अर्थ काय, हा प्रश्न न्यायालयापुढे होता आणि त्याने त्याचे उत्तर दिले. परंतु हिशेब मांडला तर ही मुलगी १९४७ मध्ये अवघी आठ वर्षांची असणार, म्हणजे १९५१ पर्यंत तिच्या आयुष्याचा एक तृतीयांश भाग, आणि आठवणीत राहणाऱ्या आयुष्याचा तर त्याहून बराच मोठा भाग, दुसऱ्या घरात गेलेला असणार. त्या घराचे नाव आणि रोजचे जेवण तिच्या अंगवळणी पडले असताना दारात पोलीस उभे राहणे, ही तिच्या दृष्टीने सुटका होती की दुसरे अपहरण, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत बसणारा नव्हता.

मूल लहान वयात ज्याच्या हातून जेवते, ज्याच्या कुशीत झोपते आणि ज्याच्या आवाजाने शांत होते त्याच्याशी त्याचा जो बंध जडतो, त्याला मानसशास्त्रात 'आसक्तिबंध' म्हणतात. हा बंध पळवणाऱ्याच्या घरातल्या एखाद्या म्हातारीशीही जडू शकतो, कारण मूल जगण्यासाठी कोणाला तरी धरून राहतेच. त्यात जुन्या आईचा विसर नसतो आणि अपहरणाला संमतीही नसते. दुसरी संज्ञा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी रूढ केलेली, 'अनिश्चित वियोग'. माणूस मेला हे कळले तर सुतक पाळता येते, तेरावा होतो, घर रडून मोकळे होते. पण नेलेले मूल जिवंत आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर शोकाला सुरुवातही होत नाही आणि शेवटही होत नाही. पळवलेले मूल परत येते तेव्हा या दोन अवस्था एकमेकींसमोर उभ्या राहतात: घरच्यांच्या मनात ते अजून आठ वर्षांचेच असते, आणि दारात बारा वर्षांचे, वेगळी बोली बोलणारे, अनोळखी मूल उभे असते.

फाळणीच्या या जखमांवर त्या काळच्या भारतीय मनोविकारशास्त्राने काय म्हटले, याचा शोध घेतला तर हाती फारसे काही लागत नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांची संघटना नेमकी १९४७ मध्येच स्थापन झाली होती. बंगळुरूमध्ये १८४७ पासून वेड्यांचे इस्पितळ होते, १९२५ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याचे मानसिक रुग्णालय केले, आणि १९५४ मध्ये त्याला जोडून देशातील मनोविकारतज्ज्ञ घडवण्यासाठी अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. २७ डिसेंबर १९७४ रोजी या दोन्ही संस्था एकत्र होऊन निम्हान्स अस्तित्वात आली. म्हणजे फाळणीनंतरच्या पहिल्या दशकात देशातल्या मानसोपचाराचे शिक्षण ज्या शहरात रुजत होते ते दंगलींपासून फार दूर होते, आणि एवढ्या प्रचंड आघाताचा ठसा त्या काळच्या व्यावसायिक लेखनात जवळजवळ उमटला नाही. ही उणीव ठळकपणे मांडणाऱ्यांत निम्हान्समध्येच प्राध्यापक राहिलेले संजीव जैन हे एक आहेत. त्यांनी आणि दिल्लीचे मनोविकारतज्ज्ञ आलोक सरीन यांनी संपादित केलेला फाळणीच्या मानसिक परिणामांवरील इंग्रजी ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे घटनेनंतर ७१ वर्षांनी. ज्या मुलांविषयी तो बोलतो त्यांपैकी जी हयात होती ती तेव्हा सत्तरी-ऐंशी ओलांडलेली होती.

त्या काळातली एक गोष्ट मात्र पुढच्या साऱ्या विचाराला उपयोगी पडली. अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात जागा अपुरी पडू लागली तेव्हा तेथील प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्यासोबत तेथेच राहायला सांगितले. गरजेपोटी केलेल्या या व्यवस्थेत असे आढळले की घरचे माणूस जवळ असलेला रुग्ण लवकर सावरतो आणि घरी गेल्यावर पुन्हा कमी वेळा बिघडतो. उपचाराचे केंद्र रुग्णाच्या डोक्यातून त्याच्या माणसांत हलवणारी ही दिशा बंगळुरूनेही आपलीशी केली. १९७५ पासून निम्हान्समध्ये सामुदायिक मनोविकार विभाग सुरू झाला, शहराबाहेर सकलवारा येथे ग्रामीण केंद्र उघडले गेले, तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील साध्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवले गेले, आणि १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात हीच पद्धत राबवून दाखवल्यावर १९९६ मध्ये तिच्यावर आधारलेला राष्ट्रीय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर आर. श्रीनिवास मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सर्वसाधारण डॉक्टरांना आपद्ग्रस्तांच्या मनाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले, आणि १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००२ च्या गुजरातमधील दंगली यांनंतर के. सेकर आदींनी गावपातळीवरील स्वयंसेवकांसाठी पुस्तिका तयार केल्या. त्यांचा गाभा साधा आहे: बोलू द्यावे, मध्येच उपदेश न करता ऐकावे, दुःख समजून घ्यावे, माणसांचा आधार जोडून द्यावा, लक्ष बाहेरच्या कामात व खेळात गुंतवावे, विश्रांती मिळू द्यावी, आणि ज्याला देवाधर्माचा आधार वाटतो त्याचा तो काढून घेऊ नये.

पळवलेल्या मुलांच्या बाबतीत हा साधेपणा का लागू पडतो, हे त्यांच्या मनाची स्थिती पाहिल्यावर कळते. प्रत्यक्ष धोका टळल्यावरही मनाने तो धोका अजून चालूच आहे असे मानणे, याला 'आघातोत्तर ताण विकार' म्हणतात. त्यात दुःस्वप्ने येतात, एखाद्या आवाजाने किंवा वासाने ती घटना पुन्हा घडत असल्यासारखी समोर उभी राहते, झोप सावध होते आणि त्या आठवणी जागवणाऱ्या गोष्टी माणूस टाळू लागतो. मोठी माणसे हे शब्दांत सांगू शकतात; मूल ते अंगाने सांगते. ते पुन्हा अंथरूण ओले करू लागते, पोट दुखते म्हणते, पोळीचा तुकडा उशाखाली लपवून ठेवते, आणि ताटात पुरेसे अन्न असतानाही तो तुकडा कोणी उचलला तर आकांत करते. लपवलेला तुकडा ही चोरी नव्हे. उद्या जेवण मिळेलच यावर अजून विश्वास बसलेला नाही, असा त्याचा अर्थ असतो, आणि तो विश्वास समजुतीच्या शब्दांनी येत नाही, महिनोन् महिने ठरल्या वेळी वाढलेल्या ताटाने येतो. म्हणूनच मुलांशी काम करणारे समुपदेशक काय घडले हे पहिल्याच दिवशी विचारत नाहीत. ते खडू, माती, मुखवटे, बाहुल्या समोर ठेवतात. घराचे चित्र काढताना मूल दार काढते की नाही, माणसांना हात काढते की नाही, बाहुलीला ते कोठे झोपवते, हे पाहत राहतात. चित्रावरून निदान होत नाही, पण जे बोलायचे आहे त्याला त्यातून वाट मिळते.

जगातील इतर यादवींनंतर जे दीर्घकालीन अभ्यास झाले त्यांनी मूल माणसांच्या आधारानेच सावरते या गोष्टीला पुष्टी दिली. मोझांबिकमध्ये रेनामो या बंडखोर गटाने पळवून लढायला लावलेल्या मुलांपैकी काहींना १९८८ मध्ये मापुतोतील लांगेने केंद्रात आणले गेले, आणि नील बूथबी यांनी त्यांतील ३९ मुलांचा पुढे १६ वर्षे मागोवा घेतला. बहुतेक जण शेती करणारे, संसार सांभाळणारे, मुलांवर माया करणारे बाप झाले. दुःस्वप्ने मात्र अनेकांची गेली नाहीत. ज्यांनी बंडखोरांत काही महिनेच काढले ते लवकर सावरले, वर्षाहून अधिक काळ राहिलेल्यांनी स्वतःला त्या गटाचेच मानायला सुरुवात केली होती आणि त्यांचा रस्ता लांबला. गावी परतल्यावर वडीलधाऱ्यांनी केलेले शुद्धीचे विधी त्यांना फार मोलाचे वाटले. उत्तर युगांडात 'प्रभूची प्रतिकार सेना' (लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी) या बंडखोर गटाच्या तावडीतून सुटलेल्यांना आचोली लोक घरात घेण्यापूर्वी कच्च्या अंड्यावर पाय ठेवायला लावतात, त्यामागेही हाच आशय आहे: बाहेर जे घडले ते उंबऱ्याबाहेर राहिले, हे गावाने सर्वांदेखत मान्य केले. सिएरा लिओनमध्ये थेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून केलेल्या पाहणीत शाळेत टिकून राहणे आणि समाजाने स्वीकारणे या दोन गोष्टी मुलांच्या सावरण्याशी जोडलेल्या दिसल्या. नेपाळमध्ये माओवादी युद्धातील १४१ माजी बालसैनिकांची तेवढ्याच इतर मुलांशी तुलना करणारा ब्रँडन कोर्ट यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आघात दोन्हीकडे सोसलेले होते, तरी बालसैनिकांत, विशेषतः मुलींत, त्रास अधिक आढळला. परक्या पुरुषांत राहिली, कोणत्याही जातीच्या हातचे जेवली, म्हणून मुलीला घरात वेगळे वागवले जाण्याचा प्रश्न तेथे वारंवार पुढे आला. फाळणीतून परतलेल्या अनेक मुलींच्या वाट्याला हेच आले होते, हे वाचताना आठवल्यावाचून राहत नाही.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी दलमे गडचिरोलीच्या जंगलात आली, आणि सीमेपलीकडच्या छत्तीसगडमध्ये माओवाद्यांचे 'बाल संघम' कोवळ्या वयाच्या मुलांना निरोप्या आणि खबऱ्या म्हणून घडवत, पुढे मोठ्या झाल्यावर शस्त्रे हाती देत. दुसरीकडे २००५ नंतरच्या सलवा जुडूम या माओवादविरोधी मोहिमेच्या काळात विशेष पोलीस अधिकारी म्हणून अल्पवयीन मुलेही भरती झाल्याचे पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी आदिवासी तरुणांना अशा रीतीने लढाईत वापरणे घटनाबाह्य ठरवले. सशस्त्र संघर्षात मुलांना वापरण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय ऐच्छिक करारावर भारताने २००५ मध्ये शिक्कामोर्तब केले होते, आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने सशस्त्र संघर्षाची झळ बसलेल्या मुलाला 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल' मानले, तर त्याला वापरणाऱ्या गटासाठी कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी ठेवली. जंगलातून आलेले मूल आरोपी नसून काळजीचे हक्कदार आहे, ही ओळख कागदावर तरी झाली. अशा मुलांची काळजी घेणाऱ्या बालगृहांतील कर्मचारी, बालकल्याण समित्या आणि समुपदेशक यांना शिकवण्याचे काम केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या साहाय्याने निम्हान्समध्ये २०२० मध्ये सुरू झालेला 'संवाद' हा उपक्रम करतो. त्याच्यामागे शेखर शेषाद्री यांच्यासारख्या बालमनोविकारतज्ज्ञांचे अनेक वर्षांचे काम आहे.

याच २०१५ च्या कायद्यात कलम ३ मध्ये सहभागाचे तत्त्व आले आहे: आपल्याविषयी निर्णय घेतला जात असताना प्रत्येक मुलाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून ते विचारात घेतले पाहिजे. १९४९ च्या अधिनियमात ही ओळ असती तर जालंधरच्या छावणीतल्या त्या मुलीपुढे कोणीतरी खाली बसून काहीतरी विचारले असते. आता ती ओळ आहे, परंतु गडचिरोलीतील भामरागड किंवा एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावरचे मूल माडिया बोलते, बालकल्याण समितीपुढील कामकाज मराठीत चालते, अहवाल बहुधा मराठीत किंवा इंग्रजीत लिहिला जातो, आणि दुभाषी म्हणून जो हाताशी असतो तो अनेकदा पोलीस शिपाई किंवा गावचाच कोणी असतो, ज्याच्यासमोर मूल खरे बोलणार नाही. बंगळुरूत शिकून आलेल्या समुपदेशकाला खडू आणि माती पुढे ठेवता येते; पण चित्र काढून झाल्यावर मूल जे एकदोन शब्द पुटपुटते, ते समजणारे माणूस त्या खोलीत बसलेले असावे, ही व्यवस्था जिल्ह्यालाच करावी लागते.